थंडीतली हौस आणि अर्धवट राहिलेली पिशवी

सांगलीत समुपदेशन करताना मार्गशीर्षापासून माघापर्यंत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. थंडी पडली की हाताने काहीतरी करावेसे वाटते, हौसेने सामान आणले जाते, पण संक्रांत उलटली तरी काम पुढे सरकत नाही. तेव्हा आपण आळशी झालो आहोत की आपले मनच कशात लागेनासे झाले आहे? त्याचे उत्तर एका अनुभवातून देते. संबंधित स्त्रीची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्रेचाळीस वर्षांच्या या बाई एका पतसंस्थेत नोकरी करतात. घरी सासूबाई, पती, दीर-जाऊ आणि दोन मुले. धाकट्या जावेची पहिली संक्रांत असल्यामुळे हलव्याचे दागिने घरीच करायचे त्यांनी ठरवले होते, आणि जुन्या सुती साड्यांची वाकळही याच थंडीत पुरी करायची होती. पहिल्या भेटीला त्या सामानाची पिशवीच घेऊन आल्या. आत कार्डशीटचा कापलेला कंबरपट्टा, जरीची लेस, काळे मणी आणि हाराची जेमतेम वीतभर ओवलेली सर होती. "मॅडम, मोबाइलवर बघते तर बायका थंडीत निवांत बसून काय काय करतात. मला रोज एक तासही मिळू नये?"

माझ्या मते त्यांची पहिली अडचण या अपेक्षेतच होती. जिथे बर्फामुळे शेतीची कामे थांबतात आणि माणसे घरात अडकतात, तिथे हिवाळा हा हस्तकलेचा काळ असणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे मात्र याच दिवसांत उसाची तोड चालू असते, तासगावकडे द्राक्षबागांची धांदल असते, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि शाळांची स्नेहसंमेलनेही याच सुमारास येतात. शिवाय डिसेंबरच्या अखेरीस सांगलीत दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, म्हणजे मे-जूनपेक्षा सुमारे दोन तासांनी लहान. वाकळ शिवायला आपल्या आज्या उन्हाळ्यात, शेतीची कामे उरकल्यावर बसत, त्यामागे असाच व्यवहार होता. हलव्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण थंडीतच त्याला चांगला काटा येतो आणि ते काम एप्रिलवर ढकलता येत नाही.

म्हणून वेळापत्रक आखण्याआधी आम्ही निवड केली. वाकळीच्या साड्या धुऊन, घडी घालून माळ्यावर गेल्या आणि कॅलेंडरवर एप्रिलच्या पानावर तशी नोंद झाली. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये मांडले होते की अपुरे काम डोक्यात घोळत राहते, परंतु ते केव्हा आणि कसे करायचे याचा नेमका बेत ठरला की ते काम पुरे होण्याआधीच मनाची ओढाताण कमी होते.

त्यानंतर "तासभर बसते, पण मन लागत नाही" या वाक्याचा तपशील मी विचारला. त्या रात्री नऊनंतर, ट्यूबलाइटखाली, पांढऱ्या दोऱ्याच्या गाठीत पांढरा हलवा अडकवत होत्या. एकेक दाणा चिमटीत धरायचा, दोऱ्याचा फास त्याच्या काट्यांमागे बसवायचा आणि दाणा न फुटेल इतक्याच जोराने ओढायचा, हे काम भर उजेडातही डोळ्यांना ताण देणारे आहे. मी त्यांना आधी डोळे तपासून घ्यायला सांगितले, आणि त्यांना चाळिशी लागली. मनाचे म्हणून आलेले दुखणे कधी कधी चष्म्याच्या दुकानात संपते, हे आम्हा समुपदेशकांनीही लक्षात ठेवायला हवे.

एवढ्याने सगळे सुटले नाही. हातात दोरा घेतला की कोणीतरी चहा मागे, आणि "मी रिकामीच बसले आहे" असे वाटून त्या उठत. जावेसाठीचे दागिने हे घरातले काम मानायचे की त्यांची खासगी हौस, हे घरात कोणी ठरवलेच नव्हते. पुढच्या भेटीला त्या पतीला घेऊन आल्या. तेव्हा असे ठरले की रविवारी सकाळी न्याहारी झाल्यावर गच्चीच्या उन्हात त्या दुपारच्या स्वयंपाकापर्यंत बसतील आणि तेवढ्या वेळात चहा-पाणी पती पाहतील. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली "अमुक झाले की तमुक करीन" अशा बांधणीच्या संकल्पाची कल्पना इथे उपयोगी पडली, कारण "वेळ मिळाला की बसेन" या संकल्पाला सुरुवातच नसते. आठवड्यात इतर दिवशी फक्त जरी कापणे, कार्डशीटवर लेस चिकटवणे अशी डोळ्यांना न शिणवणारी कामे ठेवली, आणि सारे सामान झाकणाच्या एकाच डब्यात गेले, म्हणजे मांडामांडीत वेळ जाऊ नये आणि मुंग्याही लागू नयेत.

एक भेद मात्र सांगायला हवा. उजेड, वेळ आणि सवड असूनही आवडीच्या कामात दोन आठवड्यांहून अधिक काळ रस वाटत नसेल, आणि सोबत झोप किंवा भूक बिघडली असेल, तर वेळापत्रकाचा उपाय पुरत नाही; अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. या बाईंच्या बाबतीत तसे काहीही नव्हते.

संक्रांतीपर्यंत हार, बांगड्या आणि कंबरपट्टा घरी झाला. मुकुट त्यांनी बाजारातून विकत आणला, आणि त्याबद्दल त्यांना वाईट वाटले नाही. सासूबाई दुसऱ्या रविवारपासून स्वतःहून शेजारी बसून हलवा निवडू लागल्या होत्या. चहाचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही, कारण पतींनी मान्य केलेली गोष्ट दिरांना मान्य आहे असे नाही, आणि पुढच्या भेटीत आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत.