ॲपला नाव सापडलं नाही, म्हणजे भुंगेरा नवा?

प्रश्न : उष्ण कटिबंधातल्या एका जंगलात झाडाच्या सालीवर मला जेमतेम चार मिलिमीटरचा, सोंड असलेला काळा भुंगेरा दिसला. फोटो काढले, ॲपवर टाकले, पुस्तकं चाळली. नाव काही मिळालं नाही. ही नवी प्रजाती असेल का? ते ठरवतात कसं? आणि नवी निघाली, तर तिला माझं नाव देता येईल का?

उत्तर : असू शकते. भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख प्रजातींना आजवर नावं मिळाली आहेत, तरी उष्ण कटिबंधातलं काम संपत आलेलं नाही. न्यू गिनीतल्या ट्रायगोनॉप्टेरस या एकाच वंशातल्या सोंडकिड्यांच्या १०१ नव्या प्रजाती २०१३ साली एकदम जाहीर झाल्या. तुमचा भुंगेराही सोंडकिडाच आहे आणि मीही त्यांच्यावरच काम करतो, म्हणून तुमचं पत्र आधी घेतलं.

पण ॲपला ओळख पटली नाही याचा अर्थ एवढाच, की त्याला शिकवलेल्या फोटोंमध्ये हा भुंगेरा नाही. त्याचं नाव शंभर वर्षांपूर्वीच ठेवलेलं असेल, चार ओळींच्या लॅटिन वर्णनात, चित्राशिवाय. अशा वेळी वर्णन वाचून भागत नाही. ज्या एका नमुन्यावर ते नाव कायमचं बांधलेलं असतं, तो होलोटाइप बघावा लागतो. माझा बहुतेक वेळ याच तुलनेत जातो आणि मला ती जंगलातल्या शोधाइतकीच महत्त्वाची वाटते. तुलना न करता नवं नाव दिलं, तर एकाच किड्याची दोन नावं होतात. मग जुनं टिकतं, नवं बाद होतं आणि तो गुंता निस्तरण्यात पुढच्यांची वर्षं जातात.

बाहेरून आम्ही सोंडेची लांबी, मिशा सोंडेवर कुठून फुटतात ती जागा, पाठीवरच्या कडक पंखांवरच्या खाचा, त्यांवरचे खवले, पायाच्या मांडीवरचा दातासारखा काटा हे सगळं बघतो. तरीही जवळच्या दोन प्रजाती जुळ्या भावांसारख्या दिसतात. तेव्हा नराचं जननांग काढावं लागतं. वाळलेला नमुना कोमट पाण्यात मऊ करायचा, पोटाचं टोक बारीक सुईनं उघडायचं आणि आतली तपकिरी, कडक नळी अलगद ओढून घ्यायची. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तिच्याभोवतीचे स्नायू विरघळले, की ती ग्लिसरिनच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून बघायची. बाजूनं तिचा बाक दिसतो, वरून टोक: कुठे गोल, कुठे भाल्यासारखं, कुठे मधोमध खाच. बाहेरचं रूप तसंच राहून हा अवयव मात्र प्रजातीगणिक झपाट्यानं बदलतो. म्हणून एकटी मादी हाती आली, तर निकाल अनेकदा अडकूनच राहतो.

उलट फसगतही होते. ऑन्थोफॅगस या शेणकिड्यांच्या काही प्रजातींत अळीला भरपूर खाणं मिळालं, तर नर मोठा आणि शिंगवाला होतो. कमी मिळालं, तर लहान आणि जवळजवळ बिनशिंगी. दोघं शेजारी ठेवले, तर नवख्याला वेगळ्या प्रजाती वाटतील. कोशातून नुकताच निघालेला भुंगेराही फिकट असतो. म्हणून एका नमुन्यावर मी सहसा नवी प्रजाती जाहीर करत नाही. पाच-दहा तरी समोर हवेत.

डीएनएची मदत मोठी होते. ट्रायगोनॉप्टेरसच्या कामात सीओआय या जनुकाचा भरपूर उपयोग झाला. पण दोन नमुन्यांच्या अशा जनुकात किती टक्के फरक म्हणजे वेगळी प्रजाती, याचा सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. शिवाय जुन्या होलोटाइपमध्ये डीएनए बहुधा तुटलेला असतो. तिथे पुन्हा सुई आणि सूक्ष्मदर्शकच.

नावाचं म्हणाल, तर ते वर्णन लिहिणारा ठरवतो. स्वतःचं नाव देऊ नये असा संकेत आहे. शोधणाऱ्याचं मात्र आनंदानं देतात. त्या १०१ पैकी कित्येकांना पापुआ न्यू गिनीच्या टेलिफोन डिरेक्टरीतली आडनावं दिली होती.

संरक्षित जंगलातून परवानगीशिवाय किडा उचलू नका. पुन्हा दिसला, तर बरोब्बर वरून आणि बाजूनं, सोंड व मिशा स्पष्ट येतील असे फोटो घ्या. झाड कोणतं, तो जमिनीपासून किती उंचीवर होता, तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश हे लगेच टिपून ठेवा. झाड ओळखू आलं नाही, तर पानाचा आणि फुलाचाही फोटो पाठवा. अनेक सोंडकिडे ठरावीक झाडांवरच राहतात, त्यामुळे मला शोध तिथूनच सुरू करता येईल.