मोठडा मोठा नसतो

प्रश्न असा आहे : राजस्थानी फेट्यांच्या दुकानात 'लहरिया' आणि 'मोठडा' अशी नक्षींची दोन नावं कानावर आली. लहरिया लाटेवरून हे कळलं, पण मोठडा म्हणजे मोठ्या चौकटींचा का?

नाही. चौकटी असतात खऱ्या, पण 'मोठा'शी या शब्दाचा काही संबंध नाही. तिकडे 'मोठ' म्हणजे मटकी. मटकीला आपल्याकडेही 'मठ' म्हणतात, तो याच घरातला शब्द. शेवटचा 'डा' राजस्थानीत लाडाने लागतो, आपल्या 'जिवडा', 'रूपडं'मधल्यासारखा. दाण्यावरून नाव देणं आपल्याला कुठे नवीन आहे? जोंधळी पोत आहेच की!

पण ही मटकी कापडावर येते कुठून? पगडीचं कापड वीतभर रुंद आणि पंधरा-वीस मीटर लांब, तलम मलमलीचं. ते ओलं करून एका कोपऱ्यापासून तिरकं गुंडाळत नेतात. त्याचा दोरखंडासारखा पीळ झाला की ठरावीक अंतरावर दोऱ्याने करकचून बांधतात आणि रंगात बुडवतात. दोऱ्याखाली रंग शिरत नाही, म्हणून सोडल्यावर तिरपे पट्टे दिसतात. हा झाला लहरिया. (पट्टे तर सरळच, मग लाट कसली? कापड आधी लांबीत दुमडून मग गुंडाळलं तर ते नागमोडी येतात. शिवाय डोक्याला वेढे बसले की सरळ पट्टेही सरळ राहत नाहीत.)

मोठड्यासाठी हेच कापड दोरे सोडून उलगडायचं आणि दुसऱ्या कोपऱ्याकडून पुन्हा गुंडाळायचं, पुन्हा बांधायचं, पुन्हा रंगवायचं. पट्ट्यांवर उलटे पट्टे पडून चौकटी होतात. जिथे दोन्ही खेपांना दोराच होता, तेवढा इवलासा ठिपका कोरा राहतो. तीच मटकी.

रोमन लिपीवरून 'मोथरा' लिहिलेलंही दिसतं. ते टाळावं, त्यात मोठ कुठेच उरत नाही.

लग्नात भाड्याने मिळतात ते फेटे बहुतेक छापील असतात. त्यांनाही लहरिया म्हणायला माझी हरकत नाही, नक्षीचं नाव म्हणून चालेल. अस्सल हवा असेल तर मात्र दोरे न सोडलेला मागा. नक्षी दिसावी म्हणून विक्रेते टोकाकडचा थोडाच भाग उलगडून ठेवतात, बाकीचे दोरे आपण सोडायचे.