क्रिप्टोतील फसवणूक : तक्रार, तपास आणि जप्ती

प्रश्न : टेलिग्रामवरील एका गटाच्या सांगण्यावरून माझ्या मेहुण्यांनी यूएसडीटी (डॉलरशी मूल्य जोडलेले क्रिप्टो चलन) घेऊन एका संकेतस्थळावर गुंतवले. पैसे काढायला गेल्यावर आधी 'कर' भरा, असे सांगण्यात येत आहे. पोलीस ठाण्यात 'क्रिप्टोला कायदाच नाही' असे ऐकायला मिळाले. हे खरे आहे का? आणि गेलेल्या चलनाचा माग लागतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : क्रिप्टोच्या बाजाराचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा भारतात अद्याप झालेला नाही, एवढेच खरे आहे. फसवणूक रुपयांत झाली काय किंवा यूएसडीटीत झाली काय, भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होतेच. शिवाय ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टो एक्स्चेंज (क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्या) मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आली असून ग्राहकांची केवायसी करणे आणि संशयास्पद व्यवहार केंद्राच्या एफआययूला (वित्तीय गुप्तवार्ता विभागाला) कळवणे त्यांना बंधनकारक आहे. परदेशी एक्स्चेंजनाही यातून सूट नाही. जून २०२४ मध्ये बायनान्स या परदेशी एक्स्चेंजला १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड झाला.

माग लागतो, आणि तो बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा सोपा असतो. ब्लॉकचेनवरील, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांच्या सामायिक नोंदवहीतील, नोंदी सर्वांना खुल्या असल्यामुळे चलन कोणत्या पत्त्यावरून (खाते क्रमांकासारख्या अक्षर-अंकांच्या ओळीवरून) कोठे गेले हे कोणालाही पाहता येते. दिसत नाही तो त्या पत्त्यामागचा माणूस. चलन केवायसी असलेल्या एक्स्चेंजमध्ये शिरले, की तेथून नाव मागवता येते. यूएसडीटीच्या बाबतीत आणखी एक सोय आहे : ते जारी करणारी टेदर कंपनी तपासयंत्रणांच्या विनंतीवरून एखाद्या पत्त्यावरील चलन गोठवू शकते. बिटकॉइनला असा कोणी जारीकर्ताच नाही.

तपासाची कच्ची बाजू आमच्या मते जप्तीची आहे. जप्त केलेली दुचाकी ठाण्याच्या आवारात लावली की ती तेथेच राहते. वॉलेटचे (क्रिप्टो ज्याद्वारे हाताळतात त्या साधनाचे) उपकरण मात्र मोहोरबंद करून ठेवले, तरी ते पुन्हा उघडून देणारे १२ किंवा २४ गुप्त शब्द ज्याच्याकडे आहेत तो दुसऱ्या गावातून ते रिकामे करू शकतो. म्हणूनच चलन पंचांसमक्ष, चित्रीकरण चालू असताना, शासनाच्या ताब्यातील वॉलेटमध्ये ताबडतोब वळवायला हवे आणि त्या वॉलेटची किल्ली (ते उघडणारा गुप्त संकेत) एकाच माणसाच्या हाती असता कामा नये. पुण्यात गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणूक फसवणुकीच्या प्रकरणाच्या २०१८ मधील तपासात पोलिसांनी ज्यांची मदत घेतली होती, त्या दोन तज्ज्ञांना मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधील चलन स्वतःकडे वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. उलट, २०१६ साली बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून चोरीला गेलेल्या १,१९,७५४ बिटकॉइनपैकी सुमारे ९४,००० अमेरिकी यंत्रणांना २०२२ मध्ये परत मिळवता आली, कारण क्लाउड खात्यातील किल्ल्यांची फाइल त्यांना उघडता आली.

आता तुमच्यापुरते. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. केवळ गप्पांचे स्क्रीनशॉट देऊ नका. प्रत्येक व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरील त्याचा ओळख क्रमांक), ज्या पत्त्यावर चलन पाठवले तो पत्ता आणि नेटवर्कचे नाव (ट्रॉन की इथेरियम) कॉपी करून मजकूर म्हणून द्या, कारण हाताने उतरवताना एक अक्षर जरी चुकले तरी पुढचा शोध खुंटतो. यूएसडीटी घेताना ज्या बँक खात्यात पैसे भरले, त्याचा उताराही जोडा. मागितलेला 'कर' मुळीच भरू नये. सरकारी कर असा त्या संकेतस्थळाच्या वॉलेटमध्ये भरायचा नसतो. आणि 'तुमचे पैसे सोडवून देतो' म्हणत आगाऊ शुल्क मागणारा फोन थोड्याच दिवसांत येण्याचा संभव आहे. तो बहुधा त्याच टोळीचा असतो.