धर्मनिरपेक्षता हाच सरकारी शाळांचा धर्म झाला आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, सरकारी शाळेने देवधर्म बाहेर ठेवला म्हणजे त्याच्या जागी धर्मनिरपेक्षता नावाचा नवाच धर्म मुलांवर लादला जात नाही का. माझे उत्तर 'नाही' असे आहे. मात्र आपली शंका अगदीच निराधार नाही.

नाशिकमध्ये नागरिकशास्त्र शिकवताना मला वारंवार जाणवले की यातील निम्मा घोटाळा शब्दाचा आहे. शेजारधर्म, राजधर्म असे आपण म्हणतो तेव्हा कर्तव्य अभिप्रेत असते, पूजाअर्चा नव्हे, त्यामुळे 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरून हमखास विचारणा होई, "सर, म्हणजे धर्मच नको का?" संविधानाच्या हिंदी उद्देशिकेत याच जागी 'पंथनिरपेक्ष' आहे, आणि ते मला अधिक नेमके वाटते. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आलेले हे विशेषण गणराज्याचे आहे, विद्यार्थ्याचे नाही. शिवाय जे शासन सिंहस्थासाठी गोदाकाठी घाट बांधते, त्याला नास्तिक ठरवणे जरा कठीणच.

शाळांपुरता खरा आधार संविधानाच्या अनुच्छेद 28 मध्ये आहे. पूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते दिले जात असेल, तर त्यात किंवा तेथील उपासनेत सहभागी होण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असल्यास पालकाची संमती लागते. 'धार्मिक शिक्षण' आणि 'धर्मांविषयीचे शिक्षण' यांतील फरक सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये अरुणा रॉय प्रकरणात मान्य केला, म्हणून तुकाराम, बुद्ध किंवा पैगंबर वर्गात शिकवण्यास कोणतीही आडकाठी नाही.

हे व्यवहारात कसे उतरते, याचे उदाहरण आमच्या नाशिकचेच आहे. येथील एका शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला, त्यावरून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली, आणि 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती मूलभूत अधिकारांचा भंग करणारी असल्याचे सांगून त्याच्या बाजूने निर्णय दिला. हा शिक्षक प्रार्थनेला उभा राहत असे, फक्त हात जोडत नसे. इतरांची प्रार्थना त्यामुळे थांबली नाही. धर्म माणसाकडे श्रद्धा मागतो. येथे कोणाकडे काहीच मागितलेले नाही, हात आवरायचा आहे तो संस्थेने आणि शासनाने.

अमेरिकेत हा वाद आपल्याही आधी न्यायालयात गेला. शाळेतील बायबलवाचन घटनाबाह्य ठरवताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्येच बजावले होते की, धर्माशी वैर धरून 'धर्मनिरपेक्षतेचा धर्म' स्थापन करण्याचीही शासनाला मुभा नाही. पुढे 1987 मध्ये अलाबामातील एका न्यायाधीशांनी इहवादी मानवतावाद, म्हणजे देवाऐवजी माणसाला केंद्रस्थानी मानणारा विचार, हा धर्मच असल्याचे ठरवून 44 पाठ्यपुस्तके शाळांतून काढायला लावली. वरच्या न्यायालयाने त्याच वर्षी तो निकाल फिरवला. पुस्तकात देवाचा उल्लेख नसणे म्हणजे देवाविरुद्ध प्रचार नव्हे, असा त्याचा मथितार्थ. गणिताच्या पुस्तकातही देव नसतोच.

आता आपल्या शंकेतील खरेपणा. एखाद्या शिक्षकाने उत्क्रांती शिकवली तर तो विज्ञान शिकवतो. पण त्याच तासाला "तुमच्या घरचे देव म्हणजे थोतांड" असे म्हटले, तर त्याने मर्यादा ओलांडली, आणि त्याचा हेतू अंधश्रद्धा निर्मूलनाचा होता एवढ्याने ते क्षम्य ठरत नाही. माझा अनुभव मात्र असा की आमच्याकडील शाळांत याच्या उलटीच चूक अधिक घडते: सरस्वतीपूजनाला कोण वर्गणी देत नाही याची यादी कधी कधी फळ्यावर लागते.

आपल्या पाल्याच्या वर्गात यांपैकी काहीही घडले असेल, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्यात 'वातावरण' वगैरे शब्द टाळून कोणत्या तासाला नेमके कोणते वाक्य बोलले गेले ते तारखेसह लिहावे.