जंगलातल्या बोलणाऱ्या प्राण्यांना नावं कशी द्यावीत?

तुमची अडचण अशी की कादंबरीतलं जंगल उभं राहिलंय, कोल्हा, खार, साळिंदर, घुबड ही पात्रंही ठरलीत, पण नावांपाशी घोडं अडतं. 'रुद्र' किंवा 'परी' म्हटलं की डोळ्यांसमोर माणसं येतात आणि 'झायरान'सारखं काही घडवलं की ते परग्रहावरचं वाटतं. मला विचाराल तर नाव काय असावं हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. ते नाव ठेवलं कोणी, हे आधी ठरवा. आईनं, कळपानं, शत्रूनं, की त्या प्राण्यानं स्वतःच? 'रुद्र' खटकतं कारण ते जंगलातल्या कुणी ठेवलेलं नाही, तुम्ही ठेवलंय, आणि वाचकाला ते लगेच कळतं.

आईपासून सुरुवात करू. कोल्ह्याची पिल्लं बिळात जन्मतात, डोळे मिटलेले असतात आणि आजूबाजूला अंधार असतो. त्या आईला पिल्लाचा रंग दिसणार नाही. तिला कळेल ते त्याचं वजन, ऊब, वळवळ आणि वास. तिनं ठेवलेलं नाव 'चुळबुळ्या' असेल, 'थंडी' असेल. पुराचं पाणी बिळात शिरल्यावर चौघांतली एकच वाचली असेल तर ती तिला 'उरली' म्हणेल. या एका नावात अख्खं पूर्वचरित्र येतं, पहिल्या प्रकरणात ते सांगत बसावं लागत नाही. याउलट रानससा जन्मतो तोच डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊन, आणि हरणाचं पाडस थोड्याच वेळात उभं राहतं. त्यांच्या आया दिसणाऱ्या गोष्टींवरून नाव ठेवतील: ज्या गवतात पिल्लू पडलं ते गवत, त्या वेळचं आभाळ, पाठीवरचे ठिपके. तुमच्या प्रत्येक पात्राच्या जातीबद्दल एवढं जरी वाचून काढलंत तरी नावांचे वेगवेगळे कुळाचार आपोआप तयार होतात.

हे ज्ञानेंद्रियांचं प्रकरण मला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून थोडं रेंगाळतो. गव्हाणी घुबड गडद अंधारातही नुसत्या आवाजावरून उंदीर पकडू शकतं. असं घुबड बाकीच्यांना कशावरून ओळखेल? चालण्याच्या आवाजावरून. त्याच्या तोंडी साळिंदराचं नाव 'खुळखुळ' असेल, कारण साळिंदर चिडलं की शेपटीचे काटे वाजवतं. तेच साळिंदर लांडग्याच्या भाषेत एखाद्या वासाच्या नावानं ओळखलं जाईल, आणि स्वतःच्या बिळात त्याला तिसरंच काही म्हणत असतील. एका प्राण्याला तीन नावं असली तर वाचक गोंधळेल अशी भीती वाटेल. पण निवेदनात एकच नाव कायम ठेवा आणि बाकीची दोन फक्त संवादात येऊ द्या. मग कोण कुणाला कोणत्या नावानं हाक मारतो यावरूनच त्यांचं नातं कळतं. घुबडानं एके रात्री 'खुळखुळ' सोडून त्याचं घरातलं नाव घेतलं, तर तो प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

प्राणी एकमेकांना 'नावं' देतात ही निव्वळ कविकल्पना नाही, हेही सांगायला हवं. बॉटलनोज डॉल्फिन प्रत्येकी आपली वेगळी शीळ बाळगतात. व्हेनेझुएलातल्या एका छोट्या पोपटाच्या जातीत पिल्लं आपला ओळखीचा आवाज घरट्यात आईबापांकडून शिकतात, असं २०११ मध्ये संशोधकांनी दाखवलं. आफ्रिकी हत्ती कळपातल्या ठरावीक हत्तीला ठरावीक आवाजानं साद घालतात, असा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या गोष्टी थेट कथेत घालायची गरज नाही. पण आईबापांनी दिलेला आवाज पिल्लू शिकतं, हे माहीत असलेला लेखक नामकरणाचा प्रसंग वेगळा लिहील.

आता आपल्या परंपरेकडे वळू. पंचतंत्रात नावांचा खजिना आहे. कबुतरांचा राजा चित्रग्रीव (रंगीबेरंगी मानेचा), कावळा लघुपतनक (हलकं उडणारा), कासव मंथरक (मंद चालणारं). शरीर आणि चाल यांवरून घेतलेली ही नावं आजही ताजी वाटतात. रीत जरूर उचला, पण नावं जशीच्या तशी घेऊ नका. शिवाय एक धोका आहे. तिथले तीन मासे आठवा: अनागतविधाता (संकट येण्याआधीच तयारी करणारा), प्रत्युत्पन्नमति (ऐन वेळी युक्ती सुचणारा) आणि यद्भविष्य ('होईल ते होईल' म्हणणारा). नावं ऐकली की कोण वाचणार आणि कोण जाळ्यात मरणार हे ठरून गेलं. बोधकथेला तेच हवं असतं. कादंबरीत मात्र यद्भविष्य नावाचा मासा पुढे शहाणा झाला पाहिजे, आणि त्याचं नाव त्याला तसं होऊ देत नाही. म्हणून 'धूर्तक' नावाचा कोल्हा आणि 'क्रूरसिंग' नावाचा लांडगा मी ठेवणार नाही. स्वभावावरून नाव ठेवायचंच असेल तर ते शत्रूनं ठेवलेलं असू द्या, म्हणजे ते खोटं ठरायला वाव राहतो.

भीतीपोटी नाव टाळणं हाही एक समृद्ध झरा आहे. स्लाव्ह भाषांमध्ये अस्वलाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'मध खाणारा'. खऱ्या नावानं त्याला बोलावणं धोक्याचं, म्हणून हे आडवळणाचं नाव रूढ झालं आणि मूळ शब्द लोपला, असं भाषाभ्यासक मानतात. तुमच्या जंगलात वाघाला कुणीच वाघ म्हणत नसेल तर? हरणं त्याला 'तो पट्ट्यांचा' म्हणतील, माकडं 'खालचा' म्हणतील. उलटही घडतं. मध्ययुगीन फ्रेंच कथांमधला रनार नावाचा कोल्हा इतका लोकप्रिय झाला की त्याचं विशेषनामच कोल्ह्याचा सामान्य शब्द बनलं आणि जुना शब्द मागे पडला.

नादाकडेही लक्ष द्या. टोकदार आणि गोलसर अशा दोन आकृत्या दाखवून 'किकी' कोणती आणि 'बूबा' कोणती असं विचारलं तर बहुतेक लोक टोकदार आकृतीला किकी म्हणतात. रामचंद्रन आणि हबर्ड या संशोधकांनी २००१ मध्ये हे मांडलं, आणि अशा प्रयोगांची सुरुवात क्योलर या मानसशास्त्रज्ञांनी १९२९ मध्येच केली होती. मराठीला तर या बाबतीत काही शिकवायलाच नको. तुरुतुरु, लुटुलुटु, सळसळ, भुरभुर, धपधप, कुजबुज हे शब्द म्हणजे अर्धी झालेली नावंच आहेत. त्यांना जरा घडवा: भुरकी, लुटण्या, सळसा, कुजबी. ती घडवलेली असूनही परकी वाटत नाहीत, कारण त्यांचा नाद आपल्या कानात आधीपासून आहे.

मराठीत लिहिताना व्याकरणही पाहावं लागतं. 'सागराला भरती आली' आणि 'सागरला बोलाव' यांतला फरक आपण विचार न करता ओळखतो. त्यामुळे एखाद्या हरणाचं नाव 'मोहोर' असेल तर 'मोहोरला' म्हटल्यावर ते नाव आहे हे आपसूक कळतं. पण नायकाचं नाव 'पाचोळा' ठेवलंत तर पंचाईत. 'पाचोळ्याला आग लागली' यात कोण जळतंय? आणि 'पाचोळाला' कानाला टोचतं. नाव पक्कं करण्याआधी त्याला ला, ने, चा, शी लावून बघा आणि दुरून हाकही मारून बघा. शिकारी दिसल्यावर पाच-सहा अक्षरी हाक मारायला कुणालाच वेळ नसतो, म्हणून लांब नाव असेल तर त्याचं तुटकं रूपही तयार ठेवा.

लिंगाचंही तसंच. घुबड, अस्वल, साळिंदर, मुंगूस हे शब्द नपुंसकलिंगी, त्यामुळे नाव नसताना 'अस्वल म्हणालं' असं लिहावं लागतं. नाव मिळालं की 'म्हणाला' किंवा 'म्हणाली' होतं. हे मी हत्यारासारखं वापरतो. अनोळखी असेपर्यंत निवेदनात 'ते अस्वल', आणि नायिकेला तिचं नाव कळलं त्या वाक्यापासून 'ती'. इतकी सोय प्रत्येक भाषेत मिळत नाही.

कोल्होबा, खारूताई, अस्वलमामा या रूपांबद्दल थोडक्यात: ती गोड आहेत, पण त्यांच्यामुळे वाचकाचं वय पाच होतं. तुमची कादंबरी मोठ्या मुलांसाठी असेल तर ताई, दादा, आजी हे शब्द पात्रांना एकमेकांना म्हणू द्या, पण ते नावाला कायमचे चिकटवू नका.

मी तुमच्या जागी असतो तर नायिकेच्या नावानं सुरुवात केली नसती. आधी तिच्या टोळीतल्या मेलेल्यांची नावं लिहून काढली असती: आजी, हरवलेला भाऊ, जुना म्होरक्या. त्या जमातीची नावं ठेवायची पद्धत तिथे तयार होते आणि तिचं नाव मग त्याच पद्धतीतून येतं, किंवा ती पद्धत मोडून येतं. तुमची खार कुठल्या झाडावर वाढली आणि तिला कोणी वाढवलं हे खाली लिहिलंत तर तिच्यासाठी काही नावं सुचवायला मला आवडेल.