वाचकांचे प्रश्न : एकाच चिपसेटचे दोन छोटे बोर्ड, घ्यायचा कोणता?

प्रश्न : मी घरीच श्राव्य पुस्तकांचं ध्वनिमुद्रण आणि संपादन करते. त्यासाठी टेबलावर मावेल असा छोटा आणि शांत पीसी जोडायचा आहे. प्रोसेसर रायझेन ७ ७७०० ठरला आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड सध्या घेणार नाही. अडले आहे ती मदरबोर्डपाशी. मनात असलेले दोन्ही बोर्ड मिनी-आयटीएक्स, एएम५ सॉकेटचे आणि बी६५० चिपसेटचे आहेत. पहिल्यावर १०+२+१ फेज (वीजपुरवठ्याचे समांतर भाग) आहेत, एक एम.२ जागा (एसएसडी बसवायची) पीसीआयई ५.० ची (कार्ड आणि एसएसडी जोडण्याच्या वाहिनीच्या पाचव्या पिढीची) आहे, दुसरी एम.२ बोर्डच्या पाठीवर आहे आणि मागच्या पट्टीवर सहा यूएसबी पोर्ट आहेत. दुसऱ्यावर ८+२+१ फेज, पीसीआयई ४.० च्या दोन एम.२ जागा (दोन्ही दर्शनी बाजूला, एकावर एक), आठ यूएसबी आणि बायोस फ्लॅशबॅकचं (बोर्डवरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर बदलण्याचं) बटण आहे. वाय-फाय ६ई, २.५ गिगाबिट लॅन आणि रॅमचे दोन स्लॉट दोघांवरही आहेत. किमतीत फरक नगण्य. ओळखीचे सगळे पहिलाच घे म्हणतात, तो जास्त दमदार आहे म्हणून. दोन्हींचे फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर : तुम्ही दुसरा घ्या. तुमचं काम आणि तुम्ही पाठवलेले फोटो पाहिल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही. पण ओळखीची माणसं पहिल्याकडे बोट दाखवत असताना नुसता निकाल सांगून भागणार नाही, म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

मिनी-आयटीएक्स म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटरचा चौरस. व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये हे माप आणलं आणि अजून ते तसंच आहे. त्या चौरसात सॉकेट, रॅमचे दोन स्लॉट, वीजपुरवठ्याचा सगळा भाग आणि लांब पीसीआयई स्लॉट एवढं बसवलं की जागा संपते. मोठ्या बोर्डवर यूएसबी कमी पडले तर एखादं कार्ड खोचता येतं, एसएसडी वाढवायची तर आणखी एक एम.२ रिकामी सापडते. इथे स्लॉट एकच, आणि तो उद्या ग्राफिक्स कार्डाला लागू शकतो. तेव्हा बोर्डवर आज जे आहे तेच तो बदलेपर्यंत तुमच्याजवळ असणार. म्हणून छोटा बोर्ड निवडताना मी आधी जोडायच्या वस्तू मोजतो आणि मग त्या कुठे बसणार ते पाहतो. ताकदीचा विचार त्यानंतर.

ओळखीच्यांचा भर फेजांवर आहे, तर आधी तेच पाहू. १०+२+१ मधले दहा फेज प्रोसेसरच्या कोअरना वीज पुरवतात, दोन एसओसी भागाला, म्हणजे मेमरी कंट्रोलर आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला, आणि एक किरकोळ गरजांसाठी असतो. रायझेन ७ ७७०० चा टीडीपी (कूलर निवडण्यासाठी कंपनी देते तो उष्णतेचा आकडा) ६५ वॅट आहे आणि मूळ सेटिंगवर तो सॉकेटमधून जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो. ही सगळी वीज कोअरनाच जाते असं धरलं आणि व्होल्टेज १.२ च्या आसपास मानलं, तरी प्रवाह सुमारे ७३ अँपिअर होतो. आठ फेजांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला नऊ-साडेनऊ अँपिअर येतात. या वर्गातल्या बोर्डांवर एकेका फेजची क्षमता साधारणपणे ५० अँपिअर किंवा त्याहून अधिक असते. मग दहा फेज घेऊन तुम्हाला काय मिळणार? पुढे कधी १७० वॅट टीडीपीचा प्रोसेसर बसवायचं ठरवलंत, तर त्याची मर्यादा २३० वॅट आहे. तोही आठ फेजांना झेपेल, पण तुमच्या छोट्या कॅबिनेटमधल्या कूलरला बहुधा झेपणार नाही.

फेज जास्त म्हणून बोर्ड वाईट ठरत नाही. पण पहिल्या बोर्डाचा फोटो मोठा करून पाहा. मागच्या पट्टीजवळच्या हीटसिंकला उभ्या फटी आहेत आणि त्यांच्या आड एक चिमुकला फॅन दिसतो. छोट्या जागेत जास्त क्षमतेचा वीजपुरवठा थंड ठेवायला काही कंपन्या असा फॅन बसवतात. गेम खेळणाऱ्याला तो ऐकूही येणार नाही. तुमच्यासमोर मात्र मायक्रोफोन आहे. तीन-चार सेंटिमीटरच्या फॅनला हवा ढकलायची तर खूप वेगाने फिरावं लागतं, आणि त्याचा सूर बारीक, उंच असतो. कॅबिनेटच्या १२० मिलिमीटरच्या फॅनची खालच्या पट्टीतली घरघर संपादनात बरीच काढता येते. हा उंच सूर नेमका श, स, च यांच्या पट्ट्यात मिसळतो आणि तो काढायला गेलं की वाचणाऱ्याचा आवाजच बोथट होतो. शिवाय हा फॅन बिघडला तर तसाच दुसरा मिळवणं कठीण. माझ्या लेखी पहिला बोर्ड इथेच बाद झाला.

आता पीसीआयई ५.० च्या एम.२ कडे वळू. पीसीआयई ४.० च्या चार लेनवर सेकंदाला सुमारे ८ जीबीपर्यंत मजल जाते, ५.० वर त्याच्या दुप्पट. तुमच्या कामाला किती लागतं? ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला २,८८,००० बाइट्स मागतो, म्हणजे ०.३ एमबीसुद्धा नाही. श्राव्य पुस्तकात एकच आवाज असतो. तुम्ही नाटक घेतलंत आणि ३२ ट्रॅक एका वेळी चालवलेत, तरी आकडा ९ एमबीच्या जरासा वर जातो. एवढं तर जुनी हार्ड डिस्कही देते. ५.० च्या एसएसडी दमदार असतात यात वाद नाही, पण बऱ्याच जणी तापतात आणि त्यांना जाड हीटसिंक लागतो, कधी त्यावर पुन्हा फॅन. प्रचंड आकाराच्या व्हिडिओ फाइल्स दिवसभर इकडून तिकडे हलवणाऱ्याने त्या जरूर घ्याव्यात.

पाठीवरच्या एम.२ कडे लोक पुरेसं लक्ष देत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. बोर्ड कॅबिनेटमध्ये ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्यांची उंची सहा-साडेसहा मिलिमीटर असते. तेवढ्या फटीत एसएसडी बसवायची, तिच्यावर धड हीटसिंक बसणार नाही, आणि बहुतेक कॅबिनेटमध्ये तिथे हवाही फिरत नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला त्या जागी खिडकी कापलेली असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर एसएसडी बदलण्यासाठी कूलर, केबल, एसएमपीएस असं सगळं सोडवून बोर्ड बाहेर काढावा लागतो. तुमची दुसरी एसएसडी प्रकल्पांच्या फाइल्ससाठी असणार आणि तीच सगळ्यात आधी भरणार. तिच्यापर्यंत एका स्क्रूत पोचता आलं पाहिजे.

दुसऱ्या बोर्डावरही एक गोष्ट तपासायची आहे. तिथे दोन एसएसडी एकावर एक बसतात, त्यामुळे सॉकेट आणि पीसीआयई स्लॉट यांच्या मध्ये हीटसिंकचा एक उंच ठोकळा तयार होतो. त्याची उंची कूलरच्या आड येते का ते पाहा. चांगले कूलर बनवणाऱ्या कंपन्या कोणत्या बोर्डवर कोणता कूलर बसतो याची यादी देतात. यादीत तुमचा बोर्ड सापडला नाही, तर मोजपट्टी लावल्याशिवाय कूलर घेऊ नका.

यूएसबी आपण मिळून मोजू. ऑडिओ इंटरफेस, कीबोर्ड, माऊस, संपादनाच्या सॉफ्टवेअरची परवाना-किल्ली असेल तर ती, बॅकअपची बाहेरची डिस्क, प्रिंटर. सहा झाले. पहिल्या बोर्डाचे सहाही पोर्ट भरले आणि मजकूर वाचायला लावलेल्या टॅबलेटची केबल हातात राहिली. यावर हब वापर असं कुणी सांगेल. कीबोर्ड-माऊसला हब चालतो. ऑडिओ इंटरफेस मात्र थेट बोर्डच्या पोर्टलाच लावा, असा माझा आग्रह आहे. ध्वनीचे तुकडे ठरलेल्या क्षणी पोचावे लागतात आणि हबवर एक शेजारी वाढला की टक्-टक् ऐकू येण्याची शक्यता वाढते. त्यासाठी अतिवेगवान पोर्ट अडवून ठेवायची गरज नाही, बहुतेक दोन-चार वाहिन्यांचे इंटरफेस यूएसबी २.० वर उत्तम चालतात. वेगवान पोर्ट बॅकअपच्या डिस्कला द्या.

फ्लॅशबॅकचं बटण तुमच्या यादीत शेवटी आहे, मी ते बरंच वर घेतलं असतं. एएम५ सॉकेट २०२२ च्या सप्टेंबरात आला. ७७०० बाजारात आला २०२३ च्या जानेवारीत, ९००० मालिका २०२४ च्या ऑगस्टमध्ये, आणि हा सॉकेट २०२७ व त्यापुढेही चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलं आहे. म्हणजे याच बोर्डवर पुढे नवा प्रोसेसर बसू शकतो, पण नव्या प्रोसेसरला नवं बायोस लागतं. खोक्यातल्या बोर्डावर जुनं बायोस असेल तर पीसी सुरूच होत नाही, आणि सुरू झाल्याशिवाय नेहमीच्या पद्धतीने बायोस बदलता येत नाही. फ्लॅशबॅक असेल तर एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर फाइल घ्यायची, मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव तिला द्यायचं, खूण केलेल्या पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह लावून बटण दाबायचं. एसएमपीएस जोडलेला असला की पुरे, सॉकेटमध्ये प्रोसेसर नसला तरी चालतं.

बाकीच्या गोष्टींवर डोकं शिणवू नका. बोर्डवरची ऑडिओ चिप कोणती हे तुम्ही पाहायचंच नाही, कारण तुमचा आवाज इंटरफेसमधून येणार-जाणार. २.५ गिगाबिट लॅनचा उपयोग राउटरही तेवढ्याच वेगाचा असेल तरच. वाय-फाय दोन्हीकडे सारखंच आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मात्र ते बंद ठेवून लॅनची केबल लावा, वाय-फायचा ड्रायव्हर अधूनमधून क्षणभर प्रोसेसर अडवतो आणि तो क्षण मुद्रणात ऐकू येऊ शकतो. ७७०० मध्ये ग्राफिक्स अंगचंच आहे, त्यामुळे मॉनिटर बोर्डच्या पोर्टला लागेल. दोन मॉनिटर वापरणार असाल तर एचडीएमआयबरोबर डिस्प्लेपोर्टही आहे ना, ते बघून घ्या.

रॅमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. दोनच स्लॉट आहेत, म्हणून सुरुवातीलाच १६-१६ जीबीची जोडी घ्या, ध्वनीचे मोठे संग्रह वापरत असाल तर ३२-३२ ची. एक पट्टी आज आणि एक नंतर असं करू नका. ती जोडी बोर्डच्या अधिकृत मेमरी यादीत आहे का ते पाहा. आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहिला तर घाबरून वीज बंद करू नका. डीडीआर५ मध्ये बोर्ड त्या वेळी रॅमशी जुळवून घेत असतो.

पैसे देण्याआधी एक काम कराच. दुसऱ्या बोर्डाचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. कुणालाही बोर्ड सुचवण्याआधी मी मॅन्युअलमधल्या आकृतीच्या पानाचा प्रिंट काढतो आणि वापरायच्या प्रत्येक जागेवर लाल पेन्सिलने खूण करतो. दुसरी एम.२ थेट प्रोसेसरला जोडली आहे की चिपसेटमार्गे, ती वापरली की सॅटाचा एखादा पोर्ट बंद पडतो का, तुमच्या कॅबिनेटच्या पुढच्या टाइप-सी पोर्टची केबल लावायला बोर्डवर जागा आहे का, ही उत्तरं तिथेच मिळतात. टाइप-सीची जागा नसेल तर मला परत लिहा, मग कॅबिनेटचा विचार नव्याने करू.

प्रश्न : मिनी-आयटीएक्स घ्यावा की मायक्रो-एटीएक्स? माझ्या कॅबिनेटमध्ये दोन्ही बसतात. चिपसेट एकच.

उत्तर : दोन्ही बसत असतील तर मायक्रो-एटीएक्स. २४४ मिलिमीटरच्या चौरसात बहुधा रॅमचे चार स्लॉट आणि एकाहून अधिक पीसीआयई स्लॉट मिळतात, हातही मोकळा फिरतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा : डीडीआर५ च्या चार पट्ट्या लावल्या की वेग उतरतो. रायझेन ७००० साठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन पट्ट्यांना ५२०० आहे, चारांना ३६००. रॅम दोन पट्ट्यांतच घ्या आणि उरलेले दोन स्लॉट अडीअडचणीला ठेवा.

प्रश्न : बोर्ड बदलून पीसीआयई ५.० स्लॉटचा घेतला. ग्राफिक्स कार्डही नवं, ५.० चंच आहे. कॅबिनेटबरोबर आलेल्या रायझर केबलवर (कार्ड बोर्डपासून दूर बसवण्यासाठीची जोडतार) ते लावलं की पडदा काळा, थेट बोर्डवर लावलं की सगळं ठीक. कार्ड सदोष आहे का?

उत्तर : नाही, कार्ड चांगलं आहे. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या बऱ्याच रायझर केबल ३.० किंवा ४.० च्या वेगासाठी बनवलेल्या असतात. कार्ड आणि स्लॉट ५.० च्या वेगाने बोलायला जातात आणि केबलमध्ये सिग्नल विस्कटतो. कार्ड थेट बोर्डवर लावा, बायोसमध्ये जाऊन पीसीआयई स्लॉटचा वेग 'ऑटो'वरून केबलच्या पिढीवर आणा, सेव्ह करा, पीसी बंद करा आणि मग रायझर जोडा. ४.० वर आणल्याने खेळांच्या वेगात जाणवण्याजोगा फरक पडणार नाही. बायोस रीसेट केलं किंवा नवं घातलं की हे सेटिंग पुसलं जातं, तेव्हा ते पुन्हा करावं लागेल. प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स असेल तर मॉनिटर बोर्डच्या पोर्टला लावून हे काम कार्ड न हलवताही होतं.