गुळावर वाढवलेला सेल्युलोजचा पडदा आणि जांभळा रंग: प्रयोग नेमका कुठे फसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: खानापूर तालुक्यातली विद्यार्थिनी, बेळगावात एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, हातात चार महिने. गुऱ्हाळाच्या गुळावर जिवाणू-सेल्युलोजचा पडदा वाढवायचा, त्यात रातांब्याच्या सालीचा अर्क मुरवायचा आणि तो पडदा जिवाणूंचं आपसांतलं 'बोलणं', म्हणजे कोरम सेन्सिंग, थांबवतो हे क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियमवर दाखवायचं (हा जिवाणू असं बोलणं झालं की व्हायोलेसिन नावाचा जांभळा रंग बनवतो; बोलणं थांबलं की रंगही थांबतो). जमेल का?

जमेल. पडदा करणं त्यातलं सोपं काम आहे. अवघड काम म्हणजे जांभळा रंग गेल्यावर तो का गेला हे सिद्ध करणं. रंग जायला किमान पाच कारणं असतात आणि त्यांतलं एकच तुमच्या कामाचं. म्हणून पडद्याचं आधी उरकतो.

संपूर्ण प्रकल्पाला पुरेल एवढा गूळ एकाच ढेपेतून घ्या. निपाणी-संकेश्वरकडच्या दोन गुऱ्हाळांचा गूळ सारखा निघत नाही, आणि एका गुऱ्हाळाच्या दोन आधणांचाही नाही. पिवळाधमक गूळ टाळा. त्यात बहुधा हायड्रॉस (रंग उजळवणारं सोडियम हायड्रोसल्फाइट) असतं आणि त्यातून उरणारं सल्फाइट जिवाणूंना मानवत नाही. काळपट, भेंडी घालून मळी काढलेला गूळ चालेल.

गुळात मुख्यतः सुक्रोज असतं आणि सेल्युलोज विणणारा जिवाणू कोमागाटिबॅक्टर झायलिनस (जुन्या पुस्तकांत ॲसिटोबॅक्टर झायलिनम) ते सावकाश वापरतो, म्हणून साखर आधी फोडून घ्या. १०० ग्रॅम गूळ ३०० मिली पाण्यात विरघळवा, गाळा, सौम्य सल्फ्युरिक आम्लाने पीएच २.५ वर आणा आणि ९० अंशांच्या पाण्यात ४० मिनिटं ठेवा. जास्त तापवलंत तर साखरेपासून एचएमएफ (हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरल) तयार होतं आणि वाढ खुंटते. थंड झाल्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइड कालवून पीएच ६ करा. जिप्समचा गाळ रात्रभर बसू द्या, जाताना तो थोडा रंगही घेऊन जातो. वरची निवळ घ्या. गुळात साधारण ८० टक्के साखरा धरल्या तर एवढ्यात लिटरला २० ग्रॅमच्या हिशोबाने ४ लिटर माध्यम होतं.

बाकी घटक १९५४ च्या हेस्ट्रिन-श्राम माध्यमाचेच: लिटरला पेप्टोन ५ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट २.७, सायट्रिक आम्ल १.१५. साखरेचं पाणी वेगळं ऑटोक्लेव्ह करा. पेप्टोनबरोबर तापवलं तर माध्यम चहासारखं काळं होतं. शेजारी शुद्ध ग्लुकोजचा एक फ्लास्क हवाच, नाहीतर 'गुळावर वाढ बरी झाली' हे कशाच्या तुलनेत म्हणणार?

बी (विरजणासारखं घालायचं जिवंत कल्चर) १० टक्के, तीन-चार दिवसांच्या स्थिर कल्चरमधलं. पडदा जोरात हलवून त्यातल्या पेशी सोडवून घ्या. हलत्या शेकरवर वाढवलेलं बी वापरू नका. शेकरवर सेल्युलोज न करणारे उत्परिवर्तित जिवाणू पुढे निघून जातात, मग दहा दिवस थांबूनही फक्त गढूळ पाणी दिसतं. माध्यमाची खोली दीड-दोन सेंटिमीटर, वर दोन पदरी स्वच्छ कापड. झाकण घट्ट लावलंत तर हवेअभावी पडदा धरणारच नाही. तापमान २८ ते ३० अंश. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या रात्री गार असतात आणि लाईट गेली की इनक्युबेटरही गार. पाण्याच्या परातीत मत्स्यटाकीचा हीटर टाकून वर थर्माकोलचं खोकं ठेवलं तर लाईट नसतानाही पाणी काही तास ऊब धरतं. फ्लास्क हलवू नका. दर हलवण्यागणिक जुना पडदा बुडतो, वर नवा धरतो आणि शेवटी पापुद्रे सुटतात. हिरवा-निळा ठिपका दिसला की ती अख्खी तुकडी टाकून द्या. बुरशी खरवडून काढल्याने जात नाही.

दहा दिवसांनी निघालेला पडदा तपकिरी, बुळबुळीत असतो आणि त्यात ९८-९९ टक्के पाणी असतं. पाण्यात २० मिनिटं उकळा, मग अर्धा मोलर कॉस्टिक सोड्यात (लिटरला २० ग्रॅम) ८० अंशांवर तासभर, दोनदा. पडदा दुधी-पारदर्शक झाला की सोडा धुऊन काढायचा. बहुतेकांचा प्रयोग इथेच बिघडतो आणि त्यांना ते महिन्याभराने कळतं.

कारण असं. ग्रॅम-ऋण जिवाणूंचा निरोप्या म्हणजे एएचएल (एसाइल होमोसेरीन लॅक्टोन) हा रेणू. त्याच्या डोक्याला लॅक्टोनचं कडं असतं आणि मागे कार्बनची शेपटी. पीएच ७ च्या वर गेला की ते कडं उघडायला लागतं, ८ च्या पुढे झपाट्याने, आणि आखूड शेपटीच्या रेणूंचं आधी. उघडलेल्या रेणूला ग्राहक प्रथिन ओळखत नाही. म्हणजे पडद्यात सोडा उरला असेल तर निरोप सोडाच मारतो आणि श्रेय रातांब्याला जातं! पडद्याचा पृष्ठभाग लवकर उदासीन होतो, पण आतला सोडा बाहेर यायला दिवस लागतात. म्हणून लिटमस वर टेकवून समाधान मानू नका. पडदा ब्लेडने मधोमध कापा आणि कापलेल्या कडेवर फिनॉल्फ्थेलिनचा थेंब टाका. कडेच्या मधोमध गुलाबी रेघ उमटली की धुणं बाकी आहे. ती उमटायची थांबली तरी काम संपलं नाही, कारण फिनॉल्फ्थेलिन ८.२ च्या खाली रंगच देत नाही. त्यानंतर ब्रोमोथायमॉल ब्लू वापरा: निळं आलं तर अजून धुवा, हिरवं आलं तर ठीक. डिस्टिल्ड पाणी दिवसातून दोनदा बदललं तर याला साधारण तीन-चार दिवस जातात.

आता ८ मिमीच्या चकत्या कापा आणि पाण्यात ठेवूनच ऑटोक्लेव्ह करा. ओव्हनमध्ये पूर्ण वाळवू नका. तंतू एकमेकांना कायमचे चिकटतात आणि चकती परत फुगत नाही. टिपकागदात दाबून वजन निम्म्यावर आणा, मग २४ तास अर्कात ठेवा. आधीचं-नंतरचं वजन लिहून ठेवा.

रातांब्याच्या सालीची अडचण तिच्या आंबटपणात आहे. हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लामुळे अर्काचा पीएच खूप खाली असतो आणि त्याने जिवाणू सरळ मरतात. अर्क ७ वर आणूनच वापरा. शिवाय सालीतला गार्सिनॉल जिवाणूनाशक म्हणून ओळखला जातो. म्हणून आधी ब्रॉथ डायल्यूशनने एमआयसी (वाढ थांबवणारं किमान प्रमाण) काढा आणि चाचणी एमआयसीच्या चौथ्या, आठव्या, सोळाव्या हिश्शावर करा. मेलेला जिवाणू जांभळा होत नाही, यात शोध काही नाही.

कल्चर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या जिवाणू-संग्रहांतून मागवता येतात. मूळ जातीबरोबर सीव्ही०२६ हे उत्परिवर्तित वाण कुठून मिळालं तर फार बरं. १९९७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. ते स्वतः एएचएल बनवत नाही, बाहेरून सी६-एचएसएल (सहा कार्बनच्या शेपटीचं एएचएल) दिलं तरच जांभळं होतं. त्यामुळे अर्क निरोप तयार होऊ देत नाही की पोचलेला निरोप ऐकू देत नाही, हे वेगळं काढता येतं. एएचएलचा साठा किंचित ॲसिटिक आम्ल घातलेल्या इथाइल ॲसिटेटमध्ये, उणे २० वर. पाण्यात किंवा बफरमध्ये साठवू नका.

चाचणीची रीत: रात्रभरच्या कल्चरमधून ओडी (गढूळपणाचं माप) ०.१ करून ५ मिली एलबी हे पोषक माध्यम, त्यात एक चकती, ३० अंश, १५० आरपीएम, २४ तास. मग १ मिली घेऊन १३,००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा, वरचं ओता (रातांब्याचा लाल रंग इथेच निघून जातो), तळाशी बसलेल्या पेशींच्या गोळ्यावर १ मिली डीएमएसओ (रंग विरघळवणारं द्रावक) घाला आणि गोळा पांढरा होईपर्यंत व्होर्टेक्स करा. पुन्हा फिरवून वरच्या द्रावणाचं प्रकाशशोषण ५८५ नॅनोमीटरला वाचा. वाढ मोजताना ६०० ला वाचू नका, व्हायोलेसिन तिथेही प्रकाश शोषतं. ७२० ला वाचा आणि प्लेटवर कॉलनीही मोजा. निष्कर्ष टेकायचा तो कॉलनींच्या आकड्यावर. कॉलनी तेवढ्याच आणि ५८५ खाली आला, तरच पुढे बोलायचं. आगार प्लेटवरही हेच बघा: चकतीभोवती आरपार स्वच्छ कडं म्हणजे जिवाणू मेले, दुधी गढूळ पण बिनरंगी कडं म्हणजे तुम्हाला हवं ते. प्लेट दिव्यासमोर तिरकी धरल्याशिवाय हा फरक दिसत नाही.

हवेचंही भान ठेवा. व्हायोलेसिन बनायला ऑक्सिजन लागतो. चकती नळीच्या तोंडाएवढी मोठी असेल आणि वर तरंगून झाकणासारखी बसली, तर खालचं कल्चर आपोआप फिकं राहतं. रुंद फ्लास्क घ्या. आणि एलबीमध्ये वाढताना जिवाणू स्वतःच माध्यम अल्कधर्मी करतात, म्हणून मॉप्स बफरने ७ च्या आत धरा. २४ तासांनंतर प्रत्येक नळीचा पीएच लिहा. हा रकाना बहुतेक प्रबंधांत नसतो आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

तुलनेसाठी नळ्या: चकतीविना, कोरी चकती (त्याच दिवशी, त्याच धुण्यातली), फक्त द्रावक मुरवलेली, व्हॅनिलिन मुरवलेली (सी. व्हायोलेशियममध्ये ते रंग रोखतं हे माहीत आहे, त्याचाही एमआयसी काढून) आणि तुमची अर्काची. प्रत्येकी तीन, आणि हे सगळं तीन वेगळ्या पडद्यांवर. एकाच पडद्याच्या नऊ चकत्या म्हणजे नऊ प्रयोग नव्हेत.

अजून एक तपासणी स्वस्त आहे आणि सहसा कुणी करत नाही. पेशींविना, बफरमध्ये, अर्काच्या चकतीबरोबर सी६-एचएसएल ठेवा. नंतर ते द्रावण पीएच २ वर आणून दोन दिवस ठेवा, परत ७ वर आणा आणि सीव्ही०२६ ला द्या. रंग परत आला तर कडं फक्त उघडलं होतं, म्हणजे लॅक्टोनेज (कडं उघडणारं एन्झाइम) किंवा उरलेला सोडा. नाही आला तर रेणू तुटला किंवा पडद्यालाच चिकटून बसला. चिकटला का, हे कोऱ्या चकतीवरून कळेल.

निष्कर्षात 'जखमेवरची पट्टी' लिहायचा मोह होईल, तो आवरा. सी. व्हायोलेशियमचा निरोप एक, जखमेतल्या स्यूडोमोनासचे वेगळे (३-ऑक्सो-सी१२ आणि सी४), आणि स्टॅफिलोकॉकस तर पेप्टाइडमधून बोलतो, त्याला एएचएलशी देणंघेणंच नाही. पट्टी म्हणून सेल्युलोज नवीन नाही, ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकातच 'बायोफिल' नावाने आलं होतं. पर्यावरणाकडे जायचं असेल तर दक्षिण कोरियातलं काम बघा: रोडोकॉकस बीएच४ हा निरोप फोडणारा जिवाणू अल्जिनेटच्या मण्यांत भरून सांडपाण्याच्या गाळण-पटलावरचा जैवथर कमी केला. मणी करून बघायचे तर २ टक्के सोडियम अल्जिनेट ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबाथेंबाने सोडा. पण फॉस्फेट किंवा सायट्रेट असलेल्या माध्यमात ते मणी मऊ पडून विरघळतात.

चार महिन्यांतला पहिला महिना पडद्यात आणि धुण्यात जाईल असं धरा. रातांबे मे-जूनचे, म्हणून आत्ता वाळलेलं आमसूल घेणार असाल तर मीठ न लावलेलंच घ्या. खारवलेल्या आमसुलातलं मीठही वाढ दाबतं. आणि सी. व्हायोलेशियम दुसऱ्या सुरक्षा-पातळीचा जिवाणू म्हणून हाताळा. माणसाला संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. हाताला चीर असेल तर हातमोजे घातल्याशिवाय नळी उघडू नका, आणि उरलेलं कल्चर १२१ अंशांवर अर्धा तास ठेवल्याशिवाय बेसिनमध्ये ओतू नका.